येळवशीचं पाणी

थोरल्या जाऊबाई आणि मी वर्षभर एकमेकींशी बोललो नाही. एकाच घरात राहून, खाली आम्ही आणि वर त्या. त्याचं मला अजूनही म्हणावं तितकं वाईट वाटत नाही. थोरली शांत आहे, आणि शांत माणसांचा मला मनस्वी राग येतो. मी ओरडते, दोन भांडी आदळते आणि पाच मिनिटांत मोकळी होते. ती ओठ मिटून शेपू निवडत बसते आणि सगळी गल्ली तिला गुणाची म्हणते.

भांडण पाण्यावरून झालं असं घरातले सगळे समजतात. लातुरात पाण्यावरून भांडण झालं म्हटलं की पुढं कुणी काही विचारतही नाही. पण ते भांडण माझ्या पोरावरून होतं. तो तेव्हा पाच वर्षांचा होता. गुडघा फुटला की मी समोर उभी असताना मला ओलांडून रडत रडत जिना चढायचा. थोरलीला तो मोठी आई म्हणतो. रीतच आहे तशी, पण दिवसातून वीस वेळा 'मोठी आई, मोठी आई' ऐकलं की सख्ख्या आईला काय वाटतं ते तिचं तिलाच ठाऊक. मला माझं पोर जिन्यावरून खाली हवं होतं. वर्षभर मी जे काही केलं ते त्यासाठीच केलं.

माझं माहेर नांदेडचं, नदीच्या अगदी जवळ. आमच्याकडे उन्हाळ्यात अंगणात पाणी मारायचे, रस्त्यावरसुद्धा मारायचे, उगाच, धूळ बसावी म्हणून. लग्न होऊन लातुरात आले आणि पहिल्याच सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत ओतलं. सासूबाईंनी असा आवाज काढला की मला वाटलं काही जळालं. इथं नळ आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतात. तांदळाचं पाणी तुळशीला, भाज्यांचं पाणी कढीपत्त्याला, अंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासाला. हे सगळं थोरलीनं मला शिकवलं. न ओरडता शिकवलं, म्हणून जास्त झोंबलं. तेव्हापासून घरात कुठंही नळ टिपकला की सासूबाई म्हणायच्या, "नांदेडचीचं काम असंल." माझं असो नसो, माझ्याच नावावर खपायचं.

आमची पोरं मात्र लातूरचीच. पोराला दहापर्यंत अंक बादल्यांवर आले. तीन वर्षांची धाकटी बाहुलीला अंघोळ घालायची ती रिकाम्या मगानं, आणि वर बाहुलीला दम द्यायची, "हाल्लीस तं सांडंल!" एकदा मी तोंड धुताना नळ जरा जास्त सोडला, तर ती चड्डीवरच धावत आली आणि माझ्याकडे बोट करून आजीला हाका मारायला लागली. माझ्या पोटची पोर, आणि चुगली सासूकडे.

आणि पोरानं तर सगळ्या गल्लीला एकदा नाचवलं. मार्च-एप्रिलचे दिवस, दुपारी दोनचं ऊन, नवव्या दिवशीही नळाचा पत्ता नाही. हा गेटवर चढला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "नळ आऽऽले!" दारं धडाधड उघडली. बाया घागरी घेऊन पळत आल्या, कुणी मोटारीची पिन लावायला धावलं. समोरचे निवृत्त मास्तर अर्धी दाढी केलेल्या तोंडाचा साबण तसाच ठेवून, बनियनवर, हातात पाइपाचं वेटोळं घेऊन बाहेर आले. कोरड्या नळापाशी सगळी गल्ली उभी, आणि हे ध्यान गेटवर बसून टाळ्या वाजवतंय.

आज हसू येतं. तेव्हा मी त्याचा कान धरून त्याला खाली ओढलं, मास्तरांपुढं उभं केलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं. मास्तर म्हणत होते की जाऊ द्या, लेकरू आहे. मी जाऊ दिलं नाही. लोक काय म्हणतील, आधीच मी नांदेडची. हात सैल पडला तसा तो सुटला आणि जिना चढून वर गेला. वरून थोरलीच्या हसण्याचा आवाज आला. ती माझ्या पोराला खोबऱ्याचा तुकडा देत होती, हे खालून कळत होतं. मी घोडचूक म्हणून कान पिळायचा आणि वर त्याच चुकीवर बक्षीस मिळायचं. असं कुठं पोर सुधारतं?

त्याच वर्षी राखीला आम्ही नांदेडला गेलो. पाऊस चांगला झाला होता, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले म्हणून माझा भाऊ पोरांना बघायला घेऊन गेला. थोरलीची सात वर्षांची पोरगीही आमच्याबरोबर आली होती, कारण तिच्याशिवाय माझा पोरगा गाडीत बसेना. दरवाज्यांतून ते मातकट पाणी धडधडत खाली पडत होतं, तुषार तोंडावर येत होते. पोरगा आधी नुसता बघत राहिला. मग माझा पदर ओढून म्हणाला, "आई, एवढं पाणी कुणी सांडलं?"

"कुणी सांडलं नाही रे. मुद्दाम सोडलंय."

त्यानं पुन्हा दरवाज्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "मग त्याला त्याची आई मारत न्हाई?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. माझ्या भावानं तर ते त्याच संध्याकाळी दहा ठिकाणी सांगितलं. मीही सांगितलं. लातूरला आल्यावर, भिशीत, शाळेच्या दारात, जिथं चार बाया भेटतील तिथं मी तो विनोद रंगवून सांगत सुटले. आणि पोरांना रोज झोपवताना विष्णुपुरी. किती दरवाजे, कसे उघडतात, पाणी कसं उसळतं. लातूरच्या कोरड्या घरात बसून माहेरच्या पाण्याची फुशारकी मारायला मला फार बरं वाटायचं. मला वाटायचं, मोठ्या आईकडे खोबरं असेल, पण अख्खं धरण माझ्याकडेच आहे.

मग आली येळवस. बाहेरचे लोक तिला वेळ अमावस्या म्हणतात, आम्ही येळवस. त्या दिवशी लातूर रिकामं होतं. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही, जो तो शेतात. स्वतःचं शेत नसेल तर ओळखीच्याच्या शेतात. कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील असं हादडायचं की संध्याकाळी उठवत नाही. आमचं शेत औशाच्या रस्त्याला आहे. भज्जीसाठी आदल्या दिवसापासून भाज्या निवडणं सुरू असतं, आणि त्या निवडताना जावाजावांत काय काय निघतं ते विचारू नका.

त्या वर्षी नेमका येळवशीच्याच दिवशी आमच्या गल्लीत नळाचा नंबर आला. दुष्काळात तेरावा महिना. घरी कुणीतरी थांबायलाच हवं होतं, कारण आमच्या हौदाला तेव्हा चीर गेली होती. आलेलं पाणी हौदात ठेवलं की रात्रीतून जमिनीत जायचं. त्यामुळं नळ गेले की लगेच मोटार लावून सगळं पाणी गच्चीवरच्या दोन मोठ्या टाक्यांत चढवायचं, तेच पुढच्या खेपेपर्यंत दोन्ही घरांना पुरवायचं. थोरली म्हणाली, "मी थांबते. पाणी भरून स्कुटीवर येते." माझ्या पोरानं लगेच तिचा पदर धरला. त्याला मोठ्या आईबरोबर स्कुटीवर यायचं होतं. मी म्हटलं, चल जीपमध्ये. तो नाही म्हणाला. सगळ्यांसमोर नाही म्हणाला. मी धाकटीला काखेत मारलं आणि जीपमध्ये जाऊन बसले.

बाराच्या सुमारास थोरली, तिची पोरगी आणि माझा पोरगा अशी तिघं स्कुटीवरून शेतात आली. थोरली म्हणाली की दोन्ही टाक्या गच्च भरल्या. छान जेवणं झाली. संध्याकाळी सहाला आम्ही घरी आलो, मातीनं भरलेले पाय धुवायला मी नळ सोडला, तर त्यातून नुसती हवा आली.

भाऊजी, म्हणजे मोठे दीर, वर जायला निघाले, पण त्यांच्या आधी थोरली गेली. दोन्ही पोरं तिच्यामागं. थोड्या वेळानं ती खाली आली. टाकीचा खालचा कॉक, तो टाकी धुताना उघडतो ना आपण, तो उघडा राहिला होता, आणि दोन्ही टाक्या खालून एकमेकींना जोडलेल्या. दुपारभर पाणी गच्चीवरून पन्हाळीतून रस्त्यावर वाहत राहिलं होतं. एरवी पहिल्या पाच मिनिटांत दहा लोकांनी दार वाजवलं असतं. पण येळवस. पाणी गेलेलं बघायला गल्लीत कुणी नव्हतंच.

माझं डोकं फिरलं. दहा दिवस! लहान पोरं घरात, सासूबाई आजारी. मी अंगणात उभी राहून तोंड सोडलं. "कुणी उघडा ठेवला कॉक? ज्यानं ठेवला त्याचे हात मोडते मी! कोण का असेना, हात मोडून हातात देते!" असं पाच-सहा वेळा तरी म्हटलं असेन. सासूबाईंनी सवयीनं माझ्याकडे बघितलं. आणि मग थोरली जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून म्हणाली, "माझ्याच्यानं राहिलं. टाकी धुतली अन् कॉक लावायचा राहिला."

खरं सांगते, मला पाण्याचं दुःख तिथल्या तिथं विसरायला झालं. इतकी वर्षं ज्या घरात पाण्याचा प्रत्येक थेंब नांदेडचीच्या नावावर मांडला, त्या घरात गुणाच्या बाईनं दोन टाक्या रस्त्यावर सोडल्या होत्या! मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. जे आठवतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती ऐकून घेत होती. माझा पोरगा तिच्या मागं साडीत तोंड घालून उभा होता. मग ती म्हणाली, "ह्याला झोप आल्याय," आणि त्याला उचलून वर घेऊन गेली. भर भांडणातून माझं पोर उचलून!

तासाभरानं पोरगा खाली आला तो चुलत बहिणीच्या गुलाबी विजारीत, तिच्यावर फुलपाखरं. धाकटी टाळ्या पिटून नाचली, माझा नवराही हसला. मी विचारलं, तुझी चड्डी कुठंय? तो जाऊन पांघरुणात शिरला. सकाळी बघते तर ती चड्डी वरच्या दोरीवर धुऊन वाळत घातलेली. घरात प्यायच्या घागरीशिवाय पाणी नाही आणि बाई धुणं धुतेय!

मी जिन्याखाली उभी राहून वर ओरडले, "पाणी घालवलं ते घालवलं, वर धुणं चालूच! अन् माझ्या पोराला पोरीचे कपडे घालायचा अधिकार कुणी दिला तुम्हाला?"

थोरली कठड्यापाशी आली. माझ्याकडे बघितलं, ओठ मिटले आणि आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मग मीही नाही. माझं काही अडलं नव्हतं.

अबोला धरणाऱ्यांना पोरं नसती तर काय झालं असतं कोण जाणे. आमचा सगळा टपालखात्याचा कारभार त्या तिघांवर आला. जिन्यातून वर-खाली निरोप. पोरगा निरोप पोचवायचाच नाही, मधल्या पायरीवर बसून राहायचा. थोरलीची पोरगी प्रत्येक निरोपाला एक पापड मागायची, आणि निरोप मोठा असेल तर भाजलेला चालत नसे, तळलेला लागे. एकदा ती खाली आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काकू, मम्मी म्हणली की तिला तुमाला काईच बोलायचं न्हाई." मी म्हटलं बरं. ती तिथंच उभी. म्हटलं आता काय? म्हणाली, "पापड."

धाकटी सगळ्यांत धोक्याची. तिला निरोप कुठं संपतो आणि आपलं पुटपुटणं कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. मी म्हणायची, "मोठ्या आईला सांग, मोटार बंद करा," आणि स्वतःशी म्हणायची, "कान फुटलेत का हिचे." ती जिना चढून जायची आणि वरून तिचा ठणठणीत आवाज यायचा, "मोठी आई, मोटार बंद करा, कान फुटलेत का हिचे!" तेही माझ्या आवाजात, माझ्यासारखी मान उडवून. सासूबाई पलंगावर तोंडात पदर धरून हसायच्या. मी चिडायची, पण एकदा दाराआड उभी राहून तिची नक्कल बघितली. मी तशी दिसत असेन तर फार बरी दिसत नव्हते.

त्या वर्षात पोराला खाली ओढायचे मी सगळे उपाय केले. जिन्याला लोखंडी जाळीचं दार बसवून घेतलं, धाकटी पडेल म्हणून. धाकटी कधी पडली नव्हती. सुट्टीच्या दिवशी त्याच्या आवडीची धपाटी केली, त्याला घेऊन बागेत गेले, सायकल आणली. तो धपाटी खायचा, सायकल चालवायचा, गोड हसायचा, आणि रडायची वेळ आली की जाळीच्या दारापाशी जाऊन उभा राहायचा. दार उघड असंही म्हणायचा नाही. नुसता गज धरून उभा. बाकी घरात पाण्याचा विषय निघाला की माझं ठरलेलं वाक्य होतं. "आम्ही नांदेडचे सांडतो हो, पण टाक्या रिकाम्या करून वर चड्ड्या नाही धूत." पाहुणे आले तरी म्हणायची. थोरली वरून ऐकत असणार याची खात्री करून म्हणायची.

पुन्हा येळवस आली. या खेपेला नळाचा नंबर नव्हता, त्यामुळं सगळे एकाच जीपमध्ये. थोरली पुढं, मी मागं, मध्ये आंबिलीची घागर. शेतात हरभरा घाट्यांवर आला होता, विहिरीची मोटार चालू होती आणि पाटानं पाणी चाललं होतं. पुरुषांनी 'ओलगे ओलगे सालम पलगे' असा येळवशीचा गजर करत शेताभोवती आंबील शिंपडली, पोरं त्यांच्यामागं बोंबलत फिरली. जेवणं झाली. मी भज्जीचं पातेलं विसळायला पाटाकडे गेले.

तिथं पोरांनी धरण बांधलं होतं. ढेकळं, कडब्याची ताटं, वर चिखलाचा गिलावा, अगदी नीट. मधोमध फुटक्या कौलाचा दरवाजा. माझा सहा वर्षांचा इंजिनिअर कोपरापर्यंत चिखलात. मला हसूच आलं, म्हटलं शेवटी नांदेडचं रक्त. मी त्यांच्या मागं उभी होते, त्यांना दिसत नव्हते. धाकटीनं कौलाला हात घातला, तसा तो ओरडला, "उघडू नको! आई हात मोडती!"

थोरलीची पोरगी तोंडात बोर धरून म्हणाली, "तुझेच मोडायचे राहिलेत. गच्चीवरचं तं तूच उघडलतंस."

मग तिला मी दिसले. तिनं तोंडावर हात ठेवला.

"काय उघडलं होतं गच्चीवर?" मी विचारलं.

"काई न्हाई काकू. मम्मीची शपथ हाय, सांगायचं न्हाई." आणि एका दमात सगळं सांगितलं. पोरं ती, शपथ आहे म्हणाली म्हणजे सांगणारच. मागच्या येळवशीला थोरली खाली आवरत होती तेव्हा यांनी गच्चीवर कुंडीतल्या मातीचं विष्णुपुरी बांधलं. पाणी सोडायला टाकीचा कॉक उघडला. दरवाजे उघडले, पाणी सुटलं, तेवढ्यात खालून हाक आली, चला रे, स्कुटी काढली. तशीच पळाली. संध्याकाळी थोरली वर गेली तेव्हा माती, विटा, सगळं तिथंच होतं. तिनं ते हातानं भरून कुंडीत टाकलं आणि म्हणाली, कुणालाच बोलायचं नाही.

मी पातेलं तिथंच टाकून कोपीकडे गेले. थोरली एकटीच उरलेले उंडे फडक्यात बांधत होती.

"ताई, मागच्या वर्षी कॉक माझ्या पोरानं उघडला होता?"

तिनं वर बघितलं नाही. "वर्सानं तोंड उघडलंस, ते बी हेच इचारायला?"

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलं? मला का नाही सांगितलं?"

"तू सांगू दिलतंस का?" तिनं गाठ मारली, मग माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला ऐकला. "हात मोडते, हात मोडते, एकच लावलतंस. ते पोरगं माझ्या मागं उभं. साडी धरून नुसतं थरथरायलं. उभ्या उभ्या मुतलं ते चड्डीत. पाच वर्साचं लेकरू आईच्या आवाजानं मुतलं, हे तुला सगळ्यांम्होरं सांगायला पायजे व्हतं का? सांग ना. तसं पायजे व्हतं का?"

गुलाबी विजार. दोरीवरची चड्डी. वर्षभर मी जिच्यावरून पाहुण्यांसमोर टोमणे मारत फिरले ती चड्डी.

मी माफी मागितली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला आधी रागच आला. "माझ्या पोराची गोष्ट मला वर्षभर न सांगणाऱ्या तुम्ही कोण?" असं मी म्हटलं. ती म्हणाली, "त्यानं नको म्हणलं. मी शबूद दिलता त्याला." आणि फडकं उचलून जीपकडे गेली. त्या बाईचा मला आजही राग येतो, आणि आता तर तो काढायची सोयही तिनं ठेवलेली नाही.

मी पाटाकडे परत आले. बहिणीनं पोराच्या समोरच सगळं सांगितलं होतं. तो उठून उभा होता आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले होते.

"इकडं ये," मी म्हटलं. हळू म्हटलं, पण मला हळू बोलता येतं हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं माझ्यावरून जीपकडे बघितलं. मी वळून पाहिलं नाही. थोरलीनं मान हलवली असावी, कारण तो आला.

"हात दाखव."

त्यानं डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात पुढं केले. चिखल वाळून नखांत बसला होता, थंडीनं बोटं उललेली. मी ते हात धरले. त्यानं डोळे उघडले नाहीत, तो वाट बघत होता. शेवटी म्हटलं, "दरवाजा कसा उघडतो तुमचा? उघडून दाखव की."

"तू ओरडशील."

"नाही ओरडत."

त्यानं हात सोडवून घेतले. मग म्हणाला, "तूच उघड."

मी चिखलात बसले, साडी भिजली, आणि कौल वर ओढलं. बांध एका बाजूनं खचला आणि अडलेलं पाणी भसकन् हरभऱ्यात शिरलं. दोन्ही पोरी किंचाळत पाण्यामागं धावल्या. तो धावला नाही. माझ्याजवळच उभा राहिला, आणि पाण्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.